तुम्ही विचारलंत म्हणून: हत्यारांच्या पिशवीवर फिरण्याचा खर्च निघतो का?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यांमध्ये मी शिलाई मशीन दुरुस्तीला जातो. तिथली पोरं चहाच्या वेळी हमखास विचारतात, "काका, फिरायला जाताना पण हत्यारं नेता म्हणे. खर्च निघतोय का ओ?"

निघतो, पण सगळा नाही. एसटीचं किंवा रेल्वेचं भाडं आणि दोन वेळचं जेवण सुटतं. लॉजचं बिलही त्यातूनच भागवू म्हणाल तर दिवसभर गिऱ्हाईक शोधत हिंडाल, आणि मग सोलापूर सोडलंत कशाला?

आमचा हंगाम शाळांवर चालतो. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत कारखान्यात मशीनला आणि माणसाला उसंत नसते. गर्दी ओसरली की मी बाहेर पडतो. कधी तुळजापूर, कधी गाणगापूर, कधी हैदराबादकडे. पिशवी खांद्याला असतेच.

पिशवीत फार काही नसतं. दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, अ‍ॅलन की, चिमटा, ब्रश, एक चांगली बॉबिन केस, पांढऱ्या तेलाची छोटी बाटली. जड सामान सुयांचं असतं, म्हणजे वजनाने नव्हे, महत्त्वाने. घरच्या काळ्या मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्यातल्या 'जुकी' कंपनीच्या मशीनच्या सुईचा गोल. एकीची दुसरीला चालत नाही. दोन्ही न्यायच्या, 14 आणि 16 नंबरच्या भरपूर, आणि जीन्स-पिशव्या शिवणाऱ्यांसाठी थोड्या 18. लहान गावात हव्या त्या नंबरची सुई मिळेलच असं नसतं. कमाईही निम्मी तिथेच होते.

रॉकेल मात्र न्यायचं नाही. साठलेलं जुनं तेल काढायला आपल्याला रॉकेलची सवय, पण रेल्वेत ज्वालाग्राही सामान नेलं तर रेल्वे कायद्याचं कलम 164 लागतं. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाटलीभर रॉकेलसाठी कोण एवढं ओढवून घेईल? कोरड्या ब्रशने आणि चिंधीने भागवायचं. विमानाने जाणार असाल तर कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर हातातल्या बॅगेत ठेवू नका. आधीच चेक-इनच्या सामानात टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत ते तिथेच राहतील.

आता काम कुठलं घ्यायचं ते. 'मशीन बिघडली' म्हणून लोक बोलावतात, पण बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असते. टाका सुटत असेल तर सुई बोथट झालेली, वाकलेली किंवा उलटी बसवलेली. खाली दोऱ्याचं जाळं होत असेल तर माणूस बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतो आणि दोष असतो वरच्या दोऱ्यात. तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो. कापड सरकत नसेल तर प्लेट उघडून बघा, दातांमध्ये कापसाची गादी जमलेली असते. आपल्या टॉवेलवाल्यांच्या मशीनमध्ये तर मूठभर निघते. या सगळ्याला अर्धा तास पुरतो. मशीन चालवून दाखवायची, पैसे घ्यायचे, सुई कुठल्या नंबरची घातली ते सांगायचं आणि निघायचं.

टायमिंगला मी प्रवासात हात लावत नाही. सुई तळाला जाऊन साधारण 2 मिलिमीटर वर येते, त्या क्षणी शटलचं टोक तिच्या नाकाच्या जरा वरून दोऱ्याच्या फासात शिरायला हवं. हे बसवणं अवघड नाही, रोज बसवतो. पण झिजलेल्या मशीनवर आज बसवलेलं उद्या घसरू शकतं. उद्या त्या बाईंच्या दहा ब्लाउजांची ऑर्डर अडकेल आणि मी तोवर विजापूरला गोलघुमटात भिंतीला कान लावून उभा असेन. सोलापुरात माझं काम बिघडलं तर कारखान्याचा माणूस तासाभरात फोन करून शिव्या घालतो, आणि ते बरंही आहे. परगावात शिव्या घालायला मी सापडतच नाही. म्हणून मोटर, फाटलेला प्लास्टिकचा गिअर, झिजलेलं शटल ही कामं तिथल्या मिस्त्रीची. त्याचा पत्ता विचारून मीच गिऱ्हाईक तिकडे धाडतो. दरही त्याच्यापेक्षा कमी सांगत नाही. आपण दोन दिवसांचे पाहुणे, त्याला वर्षभर तिथेच पोट भरायचंय.

कुणी म्हणतं, पूर्वीचे लोक असेच तर फिरायचे. खरंय, पण ते परत यायचे. कल्हईवाला ठरलेल्या दिवसांत त्याच आळीत भाता लावायचा. कल्हई लवकर उडाली असेल तर पुढल्या खेपेला बायका त्याला सोडायच्या नाहीत. जात्याला, पाट्याला टाकी लावणारे टकारीही गावोगाव जायचे. आणि सोलापूरकराने तरी हे विसरू नये की अशाच हत्यारं घेऊन फिरणाऱ्या जमातींना इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्यात घातलं. पहिला कायदा 1871 चा. याच शहरात तारेच्या कुंपणाआड त्यांची सेटलमेंट होती, हजेरी होती, गिरणीत कामाला जुंपणं होतं. कायदा उठला 31 ऑगस्ट 1952 ला. सेटलमेंट हे नाव त्या भागाला अजून आहे. मी पिशवी घेऊन अनोळखी गल्लीत शिरतो तेव्हा कुणी मला हटकत नाही, फार तर चहा विचारतात. त्यांच्या वाट्याला हे आलं नाही.

गल्लीत शिरायचं म्हणजे फूटपाथवर मांडून बसायचं नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर सेवा देणारेही येतात, आणि त्यांना तिथल्या शहराचं प्रमाणपत्र लागतं. ते आपल्याकडे कुठून असणार? सरळ टेलरच्या किंवा फॉल-पिकोच्या दुकानात जावं, ओळख सांगावी. 'सोलापूरचा, युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीन बघतो' एवढं सांगितलं की पुढचं सोपं. आणि आपल्याला एक मोठी सोय आहे, ती म्हणजे जीभ. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या पोराला तेलुगू येते, बाजारात कानडी कानावर पडते. हैदराबादकडच्या टेलरशी तेलुगूत बोललो तर त्याने मशीनच्या आधी जेवणाचं विचारलं. आमच्या पद्मशाली शेजाऱ्यांच्या पणजोबांचं गाव त्याला माहीत होतं!

वारीत मी पैसे घेत नाही, हेही विचारलं जातं म्हणून सांगतो. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीला येते, तेव्हा जमेल तसा दोन-तीन मुक्काम गाठतो. तिथे मशीनचं काम नसतं. दाभण आणि जाड दोरा न्यायचा, पिशव्यांचे तुटलेले बंद शिवायचे, चेन बसवायची. चांभार चपला फुकट शिवून देतात, न्हावी दाढी करून देतात, तिथे आपण बंदाचे वीस रुपये मागायचे कसे?

दुबईला बहिणीकडे निघालेल्या एकाने परवा विचारलं, तिकडेही चालेल का. नाही. व्हिजिट व्हिसावर पैसे घेऊन काम करणं तिथे गुन्हा आहे, मग ती सुई बदलण्याएवढी गोष्ट का असेना. बहिणीची मशीन नीट करून दे म्हटलं, तिच्याकडून पैसे घ्यायचे नसतातच. त्याने हसून मान डोलावली आणि विचारलं, "पण काका, तिच्या मैत्रिणींची?"