कोटेशन इकडं, बिल तिकडं

विश्रामबागेत आमचं तिघांचं डिझाइनचं ऑफिस. हळदीच्या पाकिटापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं करतो. कोटेशन एक्सेलमध्ये, कामं व्हॉट्सअ‍ॅपवर, बिलं टॅलीत. मार्चमध्ये बेळगावच्या पार्टीला मी ९+९, म्हणजे राज्यातल्या राज्यात लागणारा केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी, लावून बिल पाठवलं. परराज्यात एकत्र १८ टक्के आयजीएसटी लागतो. अकाउंटंटनं चांगलंच झापलं.

मग सॉफ्टवेअरची शोधाशोध. एक डेमोवाला म्हणाला, ‘सगळं जोडलं जातं, सर.’ म्हटलं, हे कोटेशन मंजूर करा आणि माझ्यासमोर टॅलीत उतरवा. त्यानं सीएसव्ही, म्हणजे नुसती तक्त्याची फाइल काढून दिली. ती तर मीही काढतो!

शेवटी घेतलं ते दिसायला सुमार, पण पार्टीचा जीएसटी नंबर एकदाच टाकायचा. २९ नं सुरू झाला की कर्नाटक. आयजीएसटी आपोआप लागतो, बिल थेट टॅलीत. फॉन्ट मात्र भयाण. तिघं डिझायनर रोज तोच बघत बसतो.