आण्यांत मोजलेलं दुखणं

अप्पांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला होता, कंबरेत आणि उजव्या खुब्यात. मॉर्फिनच्या गोळ्या वेळेवर चालू होत्या, तरी कूस बदलायची म्हटली की ते ओरडायचे. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं-त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतं? अप्पा म्हणाले, "बाई, मला आण्यांत विचारा. पडून असलो की चार आणे, उठवलं की चौदा." मॅडमनी केसपेपरवर तसंच लिहून घेतलं. दुखणं हालचालीचं आहे, म्हणून दिवसभराची गोळी वाढवली तर नुसती गुंगी वाढेल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आधी खुब्याला रेडिएशन दिलं, एकाच बैठकीत ८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). एक-दोन दिवस दुखणं उसळू शकतं आणि आराम पडायला काही आठवडे लागू शकतात, हे आधीच सांगितलं होतं. त्यामुळे दुसऱ्या रात्री कळा वाढल्या तेव्हा घरात घबराट झाली नाही.

खरा फरक पाडला तो फिजिओथेरपिस्ट मुलीनं. तिनं अप्पांच्या पाठीखाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवी चादर घालायला शिकवलं. दोन्ही बाजूंनी दोघांनी चादर धरायची, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची आणि अंग न पिळता सगळं एकदम वळवायचं. वळवण्याआधी अप्पांनी श्वास घ्यायचा आणि वळताना हळूहळू सोडायचा. "आता" त्यांनी म्हणायचं, आपण नाही. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. कोण कधी हात लावेल या धास्तीनंच ते आधी अंग आवळून धरायचे. अंघोळीच्या अर्धा तास आधी जादाची गोळी आणि संडासाला उंच कमोडची खुर्ची, एवढ्यावर चौदाचे आठ आणे झाले.

टेन्सचं यंत्रही पाहिलं. गाठीची जागा सोडून चिकटपट्ट्या लावायच्या आणि बारीक करंट सोडायचा. काहींना उपयोग होतो म्हणे. अप्पांना त्या मुंग्या आवडल्या नाहीत, विषय संपला.

मामी मालिशचं तेल आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. रेडिएशन दिलेल्या कातडीवर शेक नको, बर्फ नको, बाम नको. आणि पोखरलेल्या हाडावर दाब दिला तर ते मोडू शकतं. मग त्यांना तळपाय आणि तळहात वाटून दिले. हलक्या हातानं त्या रोज संध्याकाळी तेल लावायच्या, आणि अप्पांचा त्या वेळी डोळा लागायचा.

मन रमवायला आम्ही भजनं लावायचो, पण त्याहून गुणकारी ठरला शेजारचा पोरगा. आमच्याकडे तासगाव भागात सगळा जीव द्राक्षबागेत. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीचा (द्राक्षावरच्या बुरशीसारख्या रोगाचा) फवारा कधी घेऊ, असं तो विचारायला यायचा आणि अप्पा त्याला तासभर फैलावर घ्यायचे. नंतर थकायचे, म्हणून त्यानंतर कुणालाही भेटू द्यायचं नाही, हाही नियम केला.

रात्रीचं दुखणं मात्र हटत नव्हतं. मॅडमनी एकदा आम्हाला बाहेर बसवून अप्पांशी बोलणं केलं. निघालं काय, तर सोसायटीचं कर्ज. लंडनच्या सिसिली साँडर्स (आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर) यांनी १९६० च्या दशकातच सांगितलं होतं, की अशा आजारात शरीर, मन, पैसा, नातीगोती यांचं दुखणं मिळून एकच होतं. मॅडमनी ते आम्हाला समजावलं. धाकट्या भावानं पासबुक आणि हप्त्यांचा कागद अप्पांपुढे ठेवला, रक्कम वाचून दाखवली. रात्रीचे आणे शून्यावर आले नाहीत, पण रात्री हाका मारणं कमी झालं.

आता बरं वाटतंय तर मॉर्फिन बंद करा, असं पाहुणे सांगू लागले. आम्ही ऐकलं नाही. आण्यांची वही मॅडमना दाखवली आणि त्यांनीच गोळी टप्प्याटप्प्यानं कमी केली. वहीच्या पहिल्या पानावर मात्र त्यांनी लाल पेनानं लिहून दिलंय: पाय अचानक लुळे पडले, बधिर झाले किंवा लघवी अडली तर उशा-शेक करत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.