बुरशी, आपण आणि दोन दुहेरी बंध

बुरशीवरची औषधं इतकी मोजकी का, हे मला क्रमिक पुस्तकांपेक्षा वॉर्डातून येणाऱ्या क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणाऱ्या रक्तचाचणीच्या, आकड्यांनी नीट शिकवलं. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. अँटिबायोटिक्सनी कपाटं भरलेली असतात. बुरशीच्या औषधांना एक खण पुरतो.

जीवाणू आपल्यापासून इतके लांबचे, की त्यांना मारायला जागा बऱ्याच सापडतात. बुरशी मात्र उत्क्रांतीच्या हिशेबात झाडांपेक्षा आपल्याला जवळची. तिच्या पेशीला केंद्रक आहे, रायबोसोम बरेचसे आपल्यासारखे, पेशीपटलात स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जातीचा मेद, तोसुद्धा आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे कोलेस्टेरॉल आणि तिच्याकडे अर्गोस्टेरॉल. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन, अर्गोस्टेरॉलमध्ये २८. एक मिथिल गट जास्तीचा आणि दोन दुहेरी बंध जास्तीचे, एक कड्यात, एक शेपटीत. बस्स. बुरशीवरची बहुतेक जुनी औषधं एवढ्याशा फरकावर उभी आहेत, आणि त्यांचा बराचसा त्रासही तिथूनच येतो.

याचं सगळ्यात उघड उदाहरण म्हणजे अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. पिवळी पूड. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या एका जीवाणूमधून हे औषध मिळालं. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, नॉर्मल सलाईनमध्ये घातलं तर साका बसतो. नव्या नर्सला मी हे सांगतेच, लेबलवर लिहिलेलं असलं तरी. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनचा डोस दिवसाला किलोमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, तर लायपोसोमलचा (मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेल्या त्याच औषधाचा) नेहमीचा डोसच ३ ते ५ मिलिग्रॅम असतो. दोन्हींची अदलाबदल झाली तर माणूस जाऊ शकतो. म्हणून ऑर्डरवर नुसतं ‘अ‍ॅम्फोटेरिसिन’ लिहून आलं की मी फोन उचलते. कुणी वैतागलं तरी चालेल.

हे औषध मारतं कसं? शिकताना आम्ही जे चित्र काढलं, त्यात औषधाचे रेणू अर्गोस्टेरॉलच्या साथीनं पेशीपटलात गोल उभे राहतात, मधे भोक पडतं, पोटॅशियम बाहेर गळतं आणि बुरशी मरते. भोकं पडतात हे खरंच आहे. पण इलिनॉय विद्यापीठातल्या मार्टिन बर्क यांच्या गटानं त्या रेणूतला एकच हायड्रॉक्सिल गट काढून टाकला. आता त्याला भोक पाडता येईना, अर्गोस्टेरॉल मात्र धरता येत होतं. आणि यीस्ट तरीही मरत होतं! मग २०१४ मध्ये त्यांनी मांडलं, की औषधाचे रेणू पेशीपटलाच्या बाहेर गठ्ठा करून बसतात आणि आतलं अर्गोस्टेरॉल स्पंजासारखं शोषून काढतात. भोक हा जोडधंदा.

मला हे चित्र जास्त पटतं, कारण मूत्रपिंडाचं काय होतं ते त्यातून कळतं. स्पंज कोलेस्टेरॉलही शोषतो, कमी प्रमाणात का होईना, आणि त्याचा फटका मूत्रपिंडाच्या पेशींना बसतो. मग क्रिएटिनिन चढतं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं. २०२३ मध्ये त्याच गटानं एक बदललेला रेणू जाहीर केला. तो कोलेस्टेरॉलला जवळजवळ हात लावत नाही आणि अर्गोस्टेरॉल अधिक वेगानं ओढतो. उंदरांमध्ये आणि मानवी मूत्रपिंडाच्या पेशींवर तो निर्धोक दिसला. माझ्या खणात येईल तेव्हा खरं.

फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल ही अ‍ॅझोल मंडळी तयार अर्गोस्टेरॉलच्या वाटेला जात नाहीत, त्याचा कारखानाच अडवतात. अर्गोस्टेरॉल ज्यापासून बनतं त्या लॅनोस्टेरॉलवरचा एक मिथिल गट कापणाऱ्या एन्झाइममध्ये लोहाचा अणू असतो. अ‍ॅझोलचा नायट्रोजन तो लोह धरून ठेवतो. अर्गोस्टेरॉल घटतं, अर्धवट स्टेरॉल साचतात. कॅन्डिडा या यीस्टची वाढ थांबते, पण ती सहसा मरत नाही. शिवाय त्याच घराण्यातली लोहवाली एन्झाइम्स आपल्या यकृतातही औषधं मोडत असतात, आणि ही मंडळी त्यांनाही अडवतात. किडनी ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला व्होरिकोनाझोल सुरू केलं, की टॅक्रोलिमसचा (नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाचा) डोस एक-तृतीयांशावर आणायचा आणि रक्तातली पातळी तपासत राहायची. हा फोन मी न चुकता करते. नखांसाठीची टर्बिनाफिन याच साखळीत आणखी आधी, स्क्वॅलीन या कच्च्या मालापाशी अडवते.

बुरशी यातून सुटत नाही असं नाही. फ्लुकोनाझोलला ती वारंवार चकवते, एन्झाइमचा आकार बदलून किंवा औषध बाहेर पंप करून. अ‍ॅम्फोटेरिसिनला चकवायचं तर अर्गोस्टेरॉल बनवणंच सोडावं लागतं, आणि तशी बुरशी इतकी दुबळी होते की शरीरात तिचा टिकाव लागणं कठीण. म्हणूनच साठ-सत्तर वर्षं वापरूनही या औषधाला प्रतिकार क्वचितच दिसतो.

बुरशी म्हटलं की हीच औषधं, असं मात्र समजू नये. न्यूमोनिया करणारी न्यूमोसिस्टिस ही बुरशीच, पण तिच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नसतं, मुख्यतः यजमानाचं कोलेस्टेरॉल असतं. तिथं अ‍ॅम्फोटेरिसिन आणि फ्लुकोनाझोल कुचकामी, कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यावं लागतं. उलट काळा आजार करणारा लिश्मानिया बुरशी नाहीच. तो एकपेशीय परजीवी, पण त्याची स्टेरॉल अर्गोस्टेरॉलच्या जातीची, म्हणून तिथं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन उत्तम चालतं. खणातल्या कुपीला समोर बुरशी आहे की परजीवी हे कळत नाही, तिला फक्त स्टेरॉल कळतं.