परमच्या रांगेत जीनोम अ‍ॅनोटेशन: अर्जापासून जीएफएफ फाइलपर्यंत

जीनोम अ‍ॅनोटेशन म्हणजे डीएनएच्या क्रमात जनुकं कुठे आहेत आणि ती काय करतात हे सॉफ्टवेअरने शोधणं; त्याची यादी जीएफएफ फाइलमध्ये मिळते. बुरशीचा ४० मेगाबेसचा (४ कोटी अक्षरांचा) जीनोम लॅबमधल्या बऱ्या मशिनवर निभावून जातो. वनस्पतीचा १ गिगाबेसचा (१०० कोटी अक्षरांचा) आला की मशीन हात टेकते. अशा वेळी राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रणा कामाला येतात: पुण्याच्या आयसरमधली परम ब्रह्म, बंगळुरूच्या आयआयएससीमधली परम प्रवेग, बनारसच्या आयआयटीमधली परम शिवाय. शिवाय पुण्याच्या सी-डॅकमध्ये बायोइन्फॉर्मेटिक्ससाठी 'ब्राफ' ही वेगळी सोय आहे. बाहेरच्या संस्थांना प्रवेश कसा आणि किती दराने, हे केंद्रागणिक वेगळं असतं. त्या केंद्राचं पान वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका.

अर्ज गाइडच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवरून करा. त्यात खरा कस लागतो तो कोअर-तासांच्या (प्रोसेसरचे कोअर गुणिले तास) आकड्यात. एका नोडला (सुपरकॉम्प्युटरमधल्या एका संगणकाला) ४८ कोअर आणि १९२ जीबी मेमरी धरू. १ गिगाबेसच्या जीनोमवर पुनरावृत्त क्रम शोधणाऱ्या रिपीटमॉडेलरला, एलटीआर या पुनरावृत्तीच्या प्रकाराच्या शोधासकट, तीन दिवस धरले तर ४८ × ७२, म्हणजे ३,४५६ कोअर-तास. जनुकं शोधणाऱ्या ब्रेकरला दोन दिवस, म्हणजे २,३०४. प्रथिनांचं काम ओळखणाऱ्या इंटरप्रोस्कॅनसाठी ४०,००० प्रथिनांचे हजार-हजारांचे ४० तुकडे, प्रत्येकी ८ कोअर, चार तास: १,२८०. बेरीज ७,०४०. जॉब (रांगेत टाकलेली कामं) पडणार आणि पुन्हा चालवावे लागणार हे गृहीत धरून दीडपट मागा. 'एक लाख तास हवेत' असं मोघम लिहिलेल्या अर्जापेक्षा असा हिशेब समितीला लवकर पटतो.

खातं मिळाल्यावरचा सर्वांत मोठा घोळ म्हणजे कॉम्प्युट नोडला (जिथे जॉब चालतात) बहुधा इंटरनेट नसतं. लॉगिन नोडवर (जिथून आपण आत शिरतो) नीट चाललेली चाचणी रांगेत जाऊन पडते ती याचमुळे. म्हणून सगळं आधी उतरवून ठेवा. अपेक्षित जनुकांपैकी किती सापडली हे मोजणाऱ्या बुस्कोचा लिनिएज डेटा (त्या जीवगटाचा जनुकसंच) उतरवून ऑफलाइन पर्याय द्या. इंटरप्रोस्कॅन आधीच मोजलेले निकाल नेटवरून आणायला बघतं. तो शोध बंद करणारा पर्याय लावा. ब्रेकर ३ चा कंटेनर (लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेलं सॉफ्टवेअर) लॉगिन नोडवरच ओढून घ्या, पण त्याआधी कंटेनर चालवणाऱ्या अ‍ॅपटेनरची कॅश स्क्रॅचवर (कामापुरत्या तात्पुरत्या जागेवर) वळवा. ती मुळात होममध्ये (खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) साठते आणि होमचा कोटा बघता बघता भरतो.

कंटेनरमधलं ऑगस्टसचं (ब्रेकर आतून वापरतो त्या जनुक-शोधकाचं) कॉन्फिग फोल्डर फक्त वाचण्यापुरतं असतं. ते स्क्रॅचवर कॉपी करून ब्रेकरला तो मार्ग सांगा. जॉब अर्धवट मेला आणि त्याच प्रजाती-नावाने पुन्हा टाकला, की 'हे नाव आधीच आहे' म्हणून ब्रेकर लगेच थांबतो. जुनं फोल्डर काढा किंवा नाव बदला.

फास्टाची (क्रम साठवणाऱ्या फाइलची) शीर्षकं आधीच साफ करा. तुकडे जोडून जीनोम उभा करणाऱ्या असेंब्लरने दिलेली लांबलचक नावं पुनरावृत्ती झाकणाऱ्या रिपीटमास्करला चालत नाहीत, मर्यादा ५० अक्षरांची आहे. सरळ 'सीटीजी१, सीटीजी२' करा आणि जुन्या-नव्या नावांचा तक्ता जपून ठेवा. मास्किंग (पुनरावृत्ती झाकणं) सॉफ्टच हवं, म्हणजे पुनरावृत्ती इंग्रजी स्मॉल अक्षरांत; जागोजागी 'एन' अक्षर घालून पुसून टाकली तर जनुकांचे तुकडेही त्यासोबत जातात. रिपीटमास्करला समांतर प्रक्रियांचा आकडा देताना लक्षात घ्या की आरएमब्लास्ट हे शोध-इंजिन वापरलं तर प्रत्येक प्रक्रिया चार कोअर घेते. ४८ कोअरच्या नोडवर १२ द्या. तिथे ४८ लिहिलं की नोड गुदमरतो आणि अ‍ॅडमिनचा मेल येतो.

आरएनए-सीक्वेन्सच्या जोडणीत (वाचलेले आरएनएचे तुकडे जीनोमवर बसवताना) एक बारीक गोष्ट सुटते. ब्रेकर ३ ला इंट्रॉन (जनुकातला वगळला जाणारा भाग) डीएनएच्या कोणत्या स्ट्रँडवर (धाग्यावर) आहे याची खूण जोडणीच्या बॅम फाइलमध्ये लागते. हायसॅट २ या जोडणीच्या साधनात त्यासाठी डीटीए पर्याय आहे, स्टार या दुसऱ्या साधनात स्ट्रँड-फील्डला इंट्रॉन-मोटिफ द्यावं लागतं. हे राहिलं तर सगळी जोडणी नव्याने.

चार नोड मागितले म्हणून ब्रेकर चौपट वेगाने धावत नाही. तो एकाच नोडवर चालतो. उरलेले तीन रिकामे बसतात आणि तास मात्र तुमच्या खात्यातून कापले जातात. अनेक नोडवर पसरायचं असेल तर मेकर हे दुसरं अ‍ॅनोटेशनचं साधन घ्या, कारण त्याला एमपीआय (अनेक नोडनी मिळून काम करण्याची पद्धत) येतं. मात्र मेकर हजारो बारीक फाइली करतो, त्यामुळे जागा शिल्लक असतानाही फाइलसंख्येचा कोटा संपू शकतो. त्याचं तात्पुरतं फोल्डर नोडच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा, नेटवर्कच्या डिस्कवर नको.

वेळेची मर्यादा उगाच कमाल लिहू नका. रांग सांभाळणारा स्लर्म मोकळ्या फटींमध्ये छोटे जॉब बसवतो. सहा तासांचं काम चार दिवसांचं म्हणून टाकलं तर त्या फटीत ते मावत नाही आणि नंबर मागे राहतो. इंटरप्रोस्कॅनचे ते ४० तुकडे जॉब-अ‍ॅरे (एकाच स्क्रिप्टचे अनेक जॉब) म्हणून टाका. त्याआधी प्रथिनांच्या क्रमातल्या तारका काढा, स्टॉप कोडॉनच्या त्या खुणा दिसल्या की इंटरप्रोस्कॅन फाइल नाकारतं. जॉब संपल्यावर एस-अकाउंट (sacct) या आज्ञेत मॅक्स-आरएसएस (जास्तीत जास्त लागलेली मेमरी) बघा. पुढच्या वेळी किती मेमरी मागायची हे तिथेच कळतं.

निकाल तपासताना बुस्को दोनदा चालवा, एकदा जीनोमवर आणि एकदा मिळालेल्या प्रथिनांवर. जीनोमवर ९७ टक्के आणि प्रथिनांवर ८० आले तर असेंब्ली ठीक आहे, अ‍ॅनोटेशन लंगडं आहे. साध्या द्विगुणित वनस्पतीत ८०,००० जनुकं निघाली तर आधी मास्किंगवर संशय घ्या. ट्रान्सपोझॉनच (जीनोममध्ये जागा बदलणारे पुनरावृत्त क्रम) जनुकं म्हणून मोजले गेलेले असतात.

स्क्रॅचवरच्या जुन्या फाइली ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात, आणि बहुतेक केंद्रं त्यांचा बॅकअप ठेवत नाहीत. जीएफएफ, प्रथिनं, नावांचा तक्ता, प्रशिक्षित ऑगस्टसचं फोल्डर, लॉग आणि जॉब-स्क्रिप्ट एकाच टारमध्ये बांधून त्याच आठवड्यात लॅबच्या डिस्कवर उतरवा.