बिनतारी समई, नोंद 4: वाटीतलं तूप वितळलं

मागच्या नोंदीत समई लागली म्हणून फुशारकी मारली होती, ती परत घेतो. मंगळवारी सकाळी आईने पूजेला बसताना समई उचलून कडेला ठेवली आणि तिच्या जागी तुपाची स्टीलची वाटी. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे, तूप चमच्याने खरवडावं लागत होतं. आरती होईस्तोवर ते पातळ झालं. "अरे, तुझ्या दिव्याने तूप वितळवलं बघ," म्हणून आई खूश. मला मात्र घाम फुटला.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: समईला वायर न जोडता वीज पोचवायची, म्हणून देवघराच्या लाकडी फळीखाली 12 वेढ्यांची चपटी कॉइल आहे, सरासरी व्यास 10 सेंटिमीटर, इंडक्टन्स 24 मायक्रोहेन्री. जोडीला 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे रेझोनन्स (ही जोडी आपसूक ज्या वेगाने आंदोलते ती फ्रिक्वेन्सी) 103 किलोहर्ट्झच्या आसपास. कॉइलमधून 2 अँपिअर जातात. वर लाकडी बुडाची एलईडी समई, तिच्यात दुसरी कॉइल. 36 गेजची तार सातपूरच्या एका रिवाइंडिंगवाल्याकडून आणली आणि 20 पदर ड्रिलला लावून पिळले, कारण या फ्रिक्वेन्सीला करंट तांब्यात 0.2 मिलिमीटरपेक्षा फारसा आत शिरत नाही. सिरॅमिक कपॅसिटर तापायचे, पॉलिप्रॉपिलिनचे टाकले, विषय संपला.

शेजारचे काका दर आठवड्याला एकच विचारतात: "रेडिएशन किती सोडतंय रे?" त्यांच्यासाठी मोजलंच शेवटी. पावडरच्या डब्याच्या झाकणावर, 4 सेंटिमीटर व्यासाचे, 10 वेढे घेतले. गणिताने अशा कॉइलला दर मायक्रोटेस्लामागे (हे चुंबकी क्षेत्राचं माप) 8 मिलिव्होल्ट मिळतात. (साध्या मल्टिमीटरवर जाऊ नका, 100 किलोहर्ट्झचा एसी त्याला झेपत नाही. ऑसिलोस्कोपच हवा.) कॉइलच्या मधोमध 300 मायक्रोटेस्ला, 10 सेंटिमीटर वर 27, 15 वर साडेनऊ, 30 वर जेमतेम सव्वा. गणित आणि स्कोप बऱ्यापैकी जुळले. आयसीएनआयआरपी या रेडिएशनपासूनच्या संरक्षणाचं बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2010 मध्ये सामान्य लोकांसाठी सांगितलेली पातळी या पट्ट्यात 27 मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे फळीपासून वीतभर लांब असाल तर तुम्ही त्या रेषेच्या बरेच आत. शिवाय 103 किलोहर्ट्झची तरंगलांबी जवळपास 3 किलोमीटर, त्यामुळे एवढीशी कॉइल अँटेना म्हणून काही कामाची नाही. क्षेत्र जवळच घुटमळतं आणि अंतराच्या घनाने विरतं. काकांना हे सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा विचारतील.

माझी झोप उडवली ती वाटीने. क्षेत्र शरीराला जाणवत नाही, पण मध्ये आलेल्या धातूत एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल करंट, फिरतात आणि तो तापतो. दोन रुपयांचं नाणं ठेवलं: तीन मिनिटांत 18 अंशांवरून 64. स्टील विजेला विरोध करतं म्हणून झटकन तापतं. भांडीबाजारातलं तांब्याचं ताम्हण त्यामानाने कोमट राहिलं, पण त्याने कॉइलचं इंडक्टन्स एवढं खाल्लं की रेझोनन्स 121 किलोहर्ट्झवर गेला. ताम्हण, पळी, घंटा, निरांजन, टाक... घरात बिनतारी विजेला सगळ्यात वाईट जागा शोधायची म्हटली असती तर मी देवघरच शोधलं असतं.

मग लक्षात आलं, बांगडी! बंद बांगडी म्हणजे शॉर्ट केलेला एक वेढा. पितळी कडं कॉइलवर आडवं ठेवलं तर हाताला चटका. त्याच कड्याला करवतीने फट पाडली, तर जवळजवळ गार. काचेच्या बांगडीला अर्थातच काही नाही. आई फुलं वाहते तेव्हा हात नेमका तिथेच असतो. बांगडी उभी असते म्हणून आजवर निभावलं, एवढंच.

उपाय फोनच्या चार्जरांकडून उसना घेतला. त्यांचं मानक क्यूआय लिहितात आणि 'ची' म्हणतात (मराठीत त्यावर वाक्य लिहून दाखवा). दिलेली वीज आणि पोचलेली वीज यांतला फरक वाढला की मध्ये कुणीतरी खातंय असं ते धरतात. माझी समई उलट बोलत नाही, म्हणजे किती वीज पोचली ते कळवत नाही, पण तिचा भार ठरलेला आहे. इनपुट 3.4 वॉटपासून अर्धा वॉट जरी हललं तरी कंट्रोलर कॉइल बंद करतो. मुळात वीज सोडण्याआधी दर दोन सेकंदांनी कॉइलला एक हलका टोला, समईतले डायोड उघडणार नाहीत इतका हलका, आणि आंदोलन अर्ध्यावर यायला किती फेऱ्या लागतात ते मोजायचं. रिकामी फळी 17, समई 15, नाणं 9, वाटी 6. बाराच्या खाली गेलं की वीज नाही. तुपाची वाटी आता कितीही वेळ ठेवा, तूप थिजलेलंच.

आत्या पुढच्या महिन्यात येतेय, तिला पेसमेकर आहे. आयफोनच्या सूचनांत वायरलेस चार्जिंग चालू असताना अशा उपकरणापासून 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब राहायला सांगितलंय. माझा सव्वा मायक्रोटेस्लाही तिथलाच. पण वर सांगितलेली 27 ची पातळी पेसमेकरसाठी नाहीच, त्या संस्थेने स्वतःच तसं लिहून ठेवलंय. त्यात आत्या नमस्काराला वाकली की छाती फळीला टेकते. तेव्हा गणित बाजूला. ती आहे तोवर प्लग काढलेला, तेलाची समई चालू.

अडलंय ते टाकावर. एका चांदीच्या टाकाने मोजणी 15 वरून 14 वर येते, आणि तेवढी तर समई अर्धा इंच सरकली तरी येते. सॉफ्टवेअरने हे सुटेल असं वाटत नाही. सुताराला समईच्या बुडाएवढा कठडा करायला सांगितलाय, दुसरं काही तिथे बसूच नये म्हणून. आईचं म्हणणं, "मग वाटी कुठे ठेवू?"