मोटार चालू : ५.१२

आमच्या घरामागच्या बोअरला मोबाईल स्टार्टर बसवलाय. मोटार चालू झाली, बंद झाली, कोरडी फिरायला लागली, की मला मेसेज येतो. वाईत माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाला विकण्याआधी असली खेळणी मी घरी लावून बघतो. आईला त्यांचा भारी राग. ती जाऊन बटण हातानेच दाबते. त्या दिवशी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी मेसेज आला, ‘मोटार चालू’. मी कूस बदलून झोपलो.

सहाच्या सुमारास बायकोने हलवून उठवलं. “अहो, आईंचं तोंड बघा.” आई मोरीच्या उंबऱ्याशी बसली होती. तांब्या आडवा, साडीचा काठ भिजलेला. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. मी विचारलं काय झालं, तर माझ्याकडे बघून म्हणाली, “ते… ते…” आणि पुढे काहीच नाही.

शेजारच्या तात्यांनी एका नजरेत सांगून टाकलं, अंगावरून वारं गेलंय. मग अंगण भरलं. एकाने तेल गरम करायला सांगितलं, एकाने अमक्या गावच्या औषधाचं नाव घेतलं, एकाला कबुतराचं रक्त आठवलं. बायको मात्र कुणाचं न ऐकता पिशवी भरत होती. मी तेल लावायला बसलो होतो, हे लपवत नाही.

पहिल्यांदा आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही. तिथे सलाईन लावलं, बीपी बघितलं, मोठे डॉक्टर येईपर्यंत थांबा म्हणाले. मेंदूचा स्कॅन तिथे होतच नव्हता, आणि हे कळायला आम्हाला ७० मिनिटं लागली. ८ वाजता रुग्णवाहिका पुण्याला निघाली. सुरूर, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड शिवापूर. पावणेदहाला आम्ही नवले पुलाच्या गर्दीत उभे होतो.

या पावणेदहाचा अर्थ मला पुण्यात कळला. मेंदूच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. घड्याळ सुरू होतं ते माणूस सापडला तेव्हापासून नाही, तो शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथून. दारातच चौघांनी मला तेच विचारलं. मी रात्री दहा म्हणणार होतो, कारण तिला डोळ्यांनी मी तेव्हाच बघितलं होतं. मग मोबाईल काढून मेसेज दाखवला. बटण दाबायला उंच आहे, ते तिने उजव्या हातानेच दाबलं असणार. डॉक्टरांनी लिहून घेतलं, ५.१२. त्यात साडेचार तास मिळवले की पावणेदहा होतात.

म्हणजे इंजेक्शन हुकलं. स्कॅनमध्ये दिसलं की मेंदूच्या डाव्या बाजूची मधली मोठी धमनी तिच्या सुरुवातीलाच बंद होती. वाचा तिथेच असते आणि उजवं अंगही तिथूनच चालतं. पण एवढी मोठी गुठळी नुसत्या इंजेक्शनने बरेचदा हलतही नाही, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूचा बराच भाग अजून मेलेला नाही, उपाशी आहे. जांघेतून नळी घालून गुठळी बाहेर ओढून काढायची. मेंदू उघडायचा नाही, टाका नाही.

मी विचारलं, “ओढताना तुटली तर?”

ते थांबले. “दादा, तुम्ही काय करता?”

बोअरमध्ये अडकलेल्या मोटारी काढणं हा आमच्या धंद्याचा सगळ्यात जीवघेणा भाग. तीनशे फुटांवर मोटार, वर साडेसहा इंचांचं भोक, हातात फक्त दोर. दिसत काहीच नाही, हाताला लागेल तेवढंच कळतं. हिसका दिला तर दोर तुटतो, मोटार आणखी खाली जाते, नाहीतर बोअरमधला केसिंगचा पाइप फाटतो. मी हे सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, बरोबर, आमच्या फॉर्मवर हेच तीन धोके लिहिलेत. गुठळीचा तुकडा पुढच्या फांदीत जाऊ शकतो. धमनी फाटून रक्तस्राव होऊ शकतो. आणि सगळं नीट निघूनही माणूस सुधारेलच असं नाही. फरक एवढाच की त्यांची धमनी तीन मिलिमीटरच्या आतबाहेरची, आणि त्यांना पडद्यावर दिसतं. मी सही केली.

गुठळी आली कुठून, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणीच्या सांधेतापाने आईच्या हृदयाची एक झडप खराब झालेली. १९९६ साली मुंबईत फुग्याने ती रुंद केली होती. तेव्हाही तार जांघेतूनच गेली होती, फक्त तेव्हा शिरेतून आणि आता धमनीतून. ठोके अनियमित, झडपेमागच्या कप्प्यात रक्त डबक्यासारखं साचतं, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची. दाढ काढायची म्हणून ती चार दिवस बंद होती. पाचव्या दिवशी सुरू करायची होती. गोळ्यांचा डबा मी भरतो. नऊ दिवस झाले होते.

आत पाऊण तास लागला. नंतर डॉक्टरांनी मला पडद्याशी नेलं. आधीच्या चित्रात धमन्यांचं झाड एका बाजूने छाटल्यासारखं, नंतरच्यात सगळ्या फांद्या भरलेल्या. पातळ तारेवर मिटलेली जाळी गुठळीतून पलीकडे न्यायची, तिथे उघडायची, काही मिनिटं थांबायचं म्हणजे गुठळी जाळीत रुतते, मग मागून पंपाने ओढ देत सगळं हळूहळू बाहेर. ते थांबणं मला फार पटलं. आमच्याकडे नवीन पोरं तिथेच घाई करतात. गॉझच्या तुकड्यावर गुठळी ठेवली होती. काळपट लाल, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी.

घरी आल्यावर मी रात्री वाचत बसायला लागलो. हे तंत्र वाटतं तेवढं जुनं नाही. अमेरिकेत २००४ साली परवानगी मिळालेलं पहिलं हत्यार बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखं होतं. २०१३ साली तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि तिन्हींत काही फायदा दिसला नाही. धंदा तिथेच बसला असता. पण हत्यारं बरीचशी जुनी होती, उशीर व्हायचा, आणि कित्येक रुग्णांत मोठी धमनी खरंच बंद आहे का हे आधी बघितलेलंच नव्हतं. मोटार अडकलीये की नाही हे न बघताच गळ टाकायचा, आणि मग म्हणायचं गळ वाईट.

नेदरलँड्समधल्या १६ रुग्णालयांनी ५०० रुग्णांवर पुन्हा नीट चाचणी केली, आधी धमनीचा स्कॅन, मग बहुतेकांत जाळी. २०१५ च्या सुरुवातीला ती छापून आली. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे गुठळी काढलेल्यांत शंभरात ३३, न काढलेल्यांत १९. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी तेच दाखवलं. ३३ हा आकडा वाचून मला आधी राग आला, एवढंच? मग फॉर्मवरचा तिसरा धोका आठवला. पुढे २०१८ पर्यंत असंही सिद्ध झालं की स्कॅनमध्ये वाचवण्यासारखा भाग दिसत असेल तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत गुठळी काढून उपयोग होतो. आई पाच तासांनी पोचली होती.

आणखी एक आकडा वाचला. मोठी धमनी बंद असताना दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात. मी ७० ने गुणलं. उत्तर १३ कोटींच्या वर आलं आणि मी मोबाईल पालथा ठेवला. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना बोलून दाखवलं, तर म्हणाले ही सरासरी आहे, आडवाटेने किती रक्त पोचतं ते प्रत्येकाचं वेगळं, तुमच्या आईचं बरं होतं. मनाचं समाधान म्हणून म्हणाले की खरंच, ते मी विचारलं नाही.

आता पाच महिने झाले. आई चालते, उजवा पाय किंचित घासतो. हात खांद्यावर जातो, बोटं अजून अवघडलेली, भाकरी थापता येत नाही म्हणून चिडते. बोलणं मात्र गमतीशीर परत आलं. आधी शिव्या आणि अभंग आले, ते कधी गेलेच नव्हते म्हणा ना. मग आकडे. तारीख सांगायची तर एकपासून मोजत तिथवर येते. वस्तूंची नावं सापडत नाहीत, पण त्यांचं लिंग सापडतं! वाटी हवी असेल तर “ती दे”, चमचा हवा असेल तर “तो, तो दे गं”, आणि भांड्याला “ते”. नाव कुठेतरी आत आहे, फक्त दोर पोचत नाही. बायको आता नुसत्या तो-ती-ते वरून अर्धा स्वयंपाक करते.

गोळीचा डबा मीच भरतो, पण बघते बायको. बोअरचं बटण आई डाव्या हाताने दाबते, स्टूल ठेवलंय. मेसेज आला की मी आता उठून बघतो.

परवा दुकानात निघालो तर मागून हाक आली, “वायंडिंग! ए वायंडिंग!” मी ओ दिली.