पत्र्याच्या पेटीतल्या ४६ तारा

रात्री साडेनऊला माझं सीएनसी मिल, म्हणजे संगणकाच्या हुकमानं धातू कापणारं मशीन, मधेच थांबलं. पडद्यावर ‘अलार्म १’ आला, म्हणजे हार्ड लिमिट. टेबल टोकाच्या स्विचला जाऊन धडकलं, असं कंट्रोलरचं म्हणणं. टेबल तर मधोमध होतं, जवळच्या टोकापासून निदान दीडशे मिलिमीटर लांब. कटर अल्युमिनियमच्या ठोकळ्यात रुतून बसलेला, आणि आपण नेमके कुठं आहोत याचा मशीनला पत्ता उरलेला नाही. आठवड्यातली ही चौथी वेळ. तो ठोकळा एका पंपाच्या कोअर बॉक्सचा, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा घडवायच्या साच्याचा होता, त्यावर सहा तासांचं काम झालेलं होतं. तो भंगारात टाकला आणि कारण सापडेपर्यंत मशीन चालवायचं नाही असं ठरवलं.

आमचं पॅटर्न शॉप कोल्हापुरात, उद्यमनगरात. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात तो नमुना. वडील सागवानाचे पॅटर्न करायचे, मी बरेचसे अल्युमिनियमचे करतो. या धंद्याचं सगळं शिक्षण डोळ्यांचं आणि बोटांचं. बिडाच्या कास्टिंगला शेकड्याला एक घट धरायची, साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून बाजूंना उतार किती ठेवायचा, हे हाताला कळतं. त्यामुळे घरामागच्या खोलीत स्वतःचं सीएनसी मिल बांधायला घेतलं तेव्हा लोखंडाच्या कामाची मला काळजी नव्हती. बेडचा पॅटर्न मीच केला, शिरोलीच्या एका फाउंड्रीत ओतून घेतला. ६०० बाय ४०० चं टेबल, १६ मिलिमीटर जाडीचे आणि ५ पिचचे बॉल स्क्रू, तीन नेमा २३ स्टेपर मोटरी, कटर फिरवणारा, दीड किलोवॅटचा, हवेवर थंड होणारा स्पिंडल. हे सगळं वर्षभरात नीट झालं. वायरिंग मात्र प्लायवूडच्या फळीवर उरकलं होतं. स्पिंडलचा वेग ठरवणारा व्हीएफडी, डीसी पुरवणारा एसएमपीएस, मोटरी चालवणारे तीन ड्रायव्हर आणि जीआरबीएल हा प्रोग्रॅम टाकलेला आर्डुइनो, म्हणजे मशीनचा कंट्रोलर, सगळं एका फळीवर स्क्रूनं मारलेलं. ‘चालतंय ना, मग पुढं बघू’ म्हणत सहा महिने गेले.

आमच्या गल्लीत अण्णा राहतात. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं पॅनेल वायरिंग करून निवृत्त झालेत. त्यांना बोलावलं. चष्मा कपाळावर चढवून ते फळीसमोर दहा मिनिटं नुसते उभे राहिले. मग त्यांनी, मी स्पायरलमध्ये गुंडाळलेल्या तारांच्या जुडग्यावर बोट ठेवलं.

“ही स्पिंडलची?”

“हो.”

“आणि ही बारकी?”

“लिमिट स्विचची.”

“दोन्ही एका दाव्याला बांधल्यास. त्यातला एक बैल मारका आहे, बाळा.”

मग त्यांनी मारका बैल समजावून सांगितला. व्हीएफडी आधी घरातल्या २३० व्होल्टचं डीसी करतो, ते भरतं साधारण ३२५ व्होल्ट. आणि ते डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून स्पिंडलला देतो. तोडताना-जोडताना व्होल्टेज इतक्या झटक्यात चढतं-उतरतं की शेजारून जाणाऱ्या तारेत त्याचा थोडा वाटा आपोआप उतरतो. दुसरीकडे आर्डुइनोची लिमिटची पिन आतल्या २०-५० किलोओहमच्या रेझिस्टरनं ५ व्होल्टवर जेमतेम टांगलेली. तिला एवढा धक्का पुरतो. ती समजते, स्विच दाबला गेला.

पिनजवळ एखादा कपॅसिटर लावून भागेल का, असं मी विचारलं. “भागेल. महिनाभर,” अण्णा म्हणाले, आणि कागद-पेन्सिल मागितली.

त्या कागदावर चार संध्याकाळी गेल्या. मला वाटलं होतं दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन, फळीवरचं सगळं आत बसवायला पत्र्याची पेटी आणू. अण्णांनी आधी प्रत्येक तार काढायला लावली, कुठून कुठं, किती जाडीची, कोणत्या रंगाची, आणि तिचा नंबर. एकूण ४६ भरल्या. पॉवरच्या अडीच स्क्वेअर (म्हणजे चौरस मिलिमीटर), ड्रायव्हरच्या एक स्क्वेअर, कंट्रोलच्या अर्धा स्क्वेअर. २४ व्होल्ट डीसीच्या सगळ्या निळ्या, अर्थ हिरवी-पिवळी, आणि त्या रंगाची तार दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, उरलेला तुकडासुद्धा नाही. नंबर प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना. पॅनेलवाले या नंबराच्या बारीक नळीला फेरूल म्हणतात आणि टोकाला क्रिंप करतात त्या पिनेला लग. मी नेटवर वाचून फेरूल मागितलं, तर दुकानदारानं नळ्या हातात ठेवल्या. इंग्रजी व्हिडिओ बघून खरेदीला जाणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं.

चौथ्या संध्याकाळी मला या कामाची गोडी कळली. पॅटर्नमध्ये चूक दिसते. तारेत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून तिला रंग द्यायचा, नंबर द्यायचा, कागदावर आणायची. न दिसणाऱ्या गोष्टीला दिसायला लावायचं. ड्रॉइंग पुरं झालं तेव्हा अख्खं मशीन पहिल्यांदाच माझ्या डोक्यात एकसंध उभं राहिलं.

पेटी ७०० बाय ५०० बाय २५० ची घेतली, १६ गेजची, पावडर कोटिंग केलेली. आतली माउंटिंग प्लेट बहुतेक पेट्यांत नारिंगी रंगवलेली मिळते. अण्णांनी ती नको म्हणून बिनरंगाची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली, प्लेट कापून घ्यायला लावली. व्हीएफडीचं अंग आणि प्लेट यांच्यामध्ये रंगाचा थर आला की अर्थ नावापुरतीच राहते. दाराच्या आणि पेटीच्या स्टडभोवतीचा रंगही पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत काढला, दातेरी वॉशर घातले, दाराला वेणीची पट्टी जोडली. बिजागरीवर अर्थचा भरवसा ठेवायचा नसतो.

मांडणीत डावीकडे मारके बैल, उजवीकडे गरीब. डाव्या बाजूला एमसीबी, काँटॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की जोडला जाणारा मोठा स्विच), वर व्हीएफडी. त्याच्या डोक्यावर आणि पायथ्याशी शंभर शंभर मिलिमीटर मोकळी जागा, गरम हवा वर जायला. मधे ३६ व्होल्टचा एसएमपीएस आणि उभे लावलेले तीन ड्रायव्हर. उजव्या टोकाला आर्डुइनो आणि २४ व्होल्टचा छोटा सप्लाय. दोन बाजूंना स्वतंत्र पीव्हीसी डक्ट. कुठं दोघांच्या तारांना एकमेकींना ओलांडणं भाग पडलं तिथं काटकोनात ओलांडलं. स्पिंडलला शील्डची, म्हणजे तारांभोवती धातूची जाळी असलेली, केबल घातली, तिची जाळी दोन्ही टोकांना क्लँपनं पूर्ण गोल आवळली. नुसतं शेपूट पिळून जोडलं की शील्डचा अर्धा गुण जातो. पंखा खाली, फिल्टरमागे, हवा आत ढकलणारा. आतला दाब बाहेरपेक्षा जरासा जास्त राहतो, म्हणून अल्युमिनियमचा भुगा फटीतून आत येत नाही. ड्रायव्हरच्या पायांवर धातूचा भुगा बसला तर काय होईल ते सांगायला नको.

लिमिट स्विच काढून टाकले. त्यांच्या जागी धातू जवळ आला की ओळखणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर २४ व्होल्टवर लावले, एनपीएन, एनसी जातीचे (एनसी म्हणजे एरवी जोडलेले), आणि मधे ऑप्टोकपलर, जो सिग्नल प्रकाशानं पोहोचवतो आणि दोन्हीकडची वीज वेगळी ठेवतो. २.२ किलोओहममधून दहाएक मिलिअँपिअर सतत वाहत राहतो. असा वाहता प्रवाह बाहेरच्या धक्क्यानं सहजी हलत नाही. एनसीचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. उंदरानं तार कुरतडली किंवा लग निसटला तरी प्रवाह थांबतो, आणि मशीन त्याला लिमिटच समजून उभं राहतं. जीआरबीएलमध्ये त्यासाठी ५ नंबरचं सेटिंग उलटं करावं लागतं.

स्पिंडलनं मला घाबरवलं. त्याच्या कनेक्टरला चार पिना, तीन फेजच्या आणि चौथी अर्थची. अण्णा म्हणाले, “आधी मीटर लाव.” चौथी पिन आणि स्पिंडलचं अंग यांच्यात मीटर वाजलाच नाही. आत तार जोडलेलीच नव्हती. सहा महिने मी ज्या धातूला हात लावून कटर बदलत होतो, त्याला अर्थ नव्हती. वरचं झाकण उघडून पिनेपासून अंगापर्यंत तार घेतली, स्क्रूनं आवळली आणि पुन्हा मोजलं. स्पिंडल विकत घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, ही मोजणी पहिल्या दिवशी करा.

व्हीएफडीचंही असंच. मोटर जोडण्याआधी बेस फ्रिक्वेन्सी बघायची. हा स्पिंडल २४,००० फेऱ्यांचा, म्हणजे ४०० हर्ट्झचा. व्हीएफडीवर ५० हर्ट्झ तसंच राहिलं तर ५० लाच पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि वाइंडिंग जळतं. माझं सुदैवानं आधीपासून बरोबर होतं. ड्रायव्हरच्या बाबतीत दैव आडवं आलं. चालू असताना झेड, म्हणजे वर-खाली करणाऱ्या मोटरचा कनेक्टर ओढला आणि ड्रायव्हर गेला. आता तारा टर्मिनलवर पक्क्या आहेत, ओढायला कनेक्टरच नाही.

इमर्जन्सीचं लाल बटण आधी आर्डुइनोच्या एका पिनेला जोडलेलं होतं. ते ऐकून अण्णा पहिल्यांदा रागावले. “तू थांब म्हणून विनंती करतोयस. तोडायला शिक.” आता बटणाचा एनसी संपर्क थेट काँटॅक्टरच्या २४ व्होल्टच्या कॉइलच्या वाटेत आहे. मधे कोणताही प्रोग्रॅम नाही. बटण दाबलं की व्हीएफडी आणि ३६ व्होल्ट, दोन्हींचा पुरवठा तुटतो. चालू करायचं हिरवं बटण सोडल्यावरही काँटॅक्टर धरून राहावा म्हणून त्याचाच एक संपर्क हिरव्याला समांतर घेतला, यालाच होल्डिंग म्हणतात. कॉइलवर उलटा डायोड. पुरवठा तुटला तरी व्हीएफडीच्या कपॅसिटरांत साठलेल्या विजेचं विष उरतं, म्हणून दारावर आतून लिहून ठेवलंय: ‘बंद केल्यावर १० मिनिटं हात नाही.’

जोडायला तीन आठवडे गेले. प्रत्येक लग क्रिंप केल्यावर ओढून बघायचा. ४६ तारांतल्या दोन हातात आल्या.

मग तपासणी. आधी लाइट न देता मीटरनं एकेक नंबर ड्रॉइंगवर खूण करत वाजवला. मग अण्णांनी त्यांचा जुना सिरीज बोर्ड आणला, शंभर वॅटचा बल्ब फेजमध्ये घातलेला. कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि पॅनेल वाचतं. आमचा बल्ब क्षणभर उजळला, एसएमपीएसचे कपॅसिटर भरले तसा मावळला. तो मावळताना मी श्वास धरून बसलो होतो.

सिरीज काढून सरळ लाइट दिली आणि स्पिंडल फिरवला, तर घरचा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे अर्थकडे वीज गळली की लाइट तोडणारा स्विच, उडाला. स्वयंपाकघरातून हाक आली. व्हीएफडीच्या फिल्टरमधून आणि लांब केबलमधून थोडा प्रवाह अर्थकडे जातच असतो. फ्रिज, मिक्सर आणि बाकीच्यांचा थोडा थोडा मिळून बेरीज ३० च्या जवळ गेली होती. ईएलसीबी काढून टाका, असा सल्ला देणारे दोघे भेटले. ते मी करणार नव्हतो. स्पिंडलची केबल सहा मीटरची होती, ती अडीचवर आणली. मीटरपासून मशीनसाठी वेगळी चार स्क्वेअरची लाइन ओढली, तिला स्वतंत्र ईएलसीबी.

त्याच वेळी न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलं तर ११ व्होल्ट. अंगणातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठाक पडला होता. माती उकरली, कोळसा-मीठ नव्यानं भरलं, पाइपवरचा गंजलेला बोल्ट बदलला, दोन दिवस पाणी सोडलं. पुन्हा मोजलं तेव्हा दीड व्होल्ट. घरातल्या इतर कुणालाही याची गरज वाटली नव्हती, पण गीझर, वॉशिंग मशीन सगळे याच खड्ड्याच्या भरवशावर आहेत.

पहिलं काम तोच कोअर बॉक्स घेतला, नव्या ठोकळ्यातून. पाचव्या तासाला, फिनिशिंगच्या अर्ध्या वाटेवर, गल्लीतली लाइट गेली. खोलीत काळोख, स्पिंडल हळूहळू घरघरत थांबला. वीसेक मिनिटांनी लाइट आली. पंखा फिरला, २४ व्होल्टचा हिरवा दिवा लागला, आणि मशीन तसंच गप्प उभं राहिलं. फळीवर असताना लाइट आली की ड्रायव्हर खाडकन जागे व्हायचे आणि मोटरींना झटका बसायचा. आता काँटॅक्टर सुटलेला होता, तो मी बोलावल्याशिवाय येणार नव्हता.

हातानं झेड वर घेऊन कटर सोडवला, मग हिरवं बटण दाबलं. काँटॅक्टर ठक्कन बसला. होमिंग केलं, सेन्सरांनी जागा पुन्हा दाखवली, प्रोग्रॅम सोडला होता त्या ओळीच्या थोडं मागून चालू केला. दोन तासांनी बॉक्स उतरवून नखानं जोड शोधला, लागला नाही. अण्णांना नेऊन दाखवला. त्यांनी बॉक्स बाजूला ठेवला आणि विचारलं, कूलंट पंपाची तार ड्रॉइंगमध्ये घातलीस का? ४७ नंबर पेन्सिलनं घातलाय. टर्मिनल मोकळं आहे.